जेवणाच्या टेबलासाठी जुन्या खुर्च्या: मापं, बिल, भुंगेरे आणि वेत

आमच्या घरात टेबल होतं आणि त्याला खुर्च्या नव्हत्या. टेबल सासऱ्यांनी नोकरीत कायम झाल्यावर घेतलेलं, अस्सल सागवानी, सहा माणसं ऐसपैस जेवतील एवढं. त्याच्या मूळच्या खुर्च्या बिऱ्हाडं बदलताना, आणि मग इमारत पुनर्विकासाला गेल्यावर भाड्याच्या घरात जागा नाही म्हणून, एकेक करून कुठे कुठे गेल्या. ठाण्यातल्या नव्या घराचा ताबा मे महिन्यात मिळाला. टेबल थाटात मांडलं आणि त्याभोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढून आम्ही जेवू लागलो.

नव्या खुर्च्यांची चौकशी केली. शोरूमवाले सुट्या खुर्च्या द्यायला नाखूश असतात, त्यांना टेबलासकट सेट खपवायचा असतो. सुताराने सागवानाच्या नव्या खुर्चीचा भाव सांगितला चौदा हजार, वेताची बैठक वेगळी. मग जुन्या बघू असं ठरलं. त्या 'बघू'ला जूनमध्ये सुरुवात झाली आणि शेवटची खुर्ची जानेवारीत घरी आली. या काळात मराठीत काही वाचायला मिळेल म्हणून शोधलं तर दुकानांच्या जाहिराती तेवढ्या सापडल्या, म्हणून हे जरा सविस्तर.

आम्हाला हव्या होत्या त्या बिनहाताच्या, सरळ पाठीच्या खुर्च्या. हात असलेली खुर्ची दिसते रुबाबदार, पण आमच्या टेबलाच्या कडेखाली जी आडवी पट्टी आहे तिला हात आपटतात आणि खुर्ची कायम बाहेर राहते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये बाहेर राहिलेली खुर्ची म्हणजे रोज कुणाची तरी करंगळी ठेचणार.

बाजारात जाण्याआधी घरातली मापं घेतली, आणि ही तयारी सर्वांत जास्त कामाला आली. टेबलाची उंची ३० इंच. बैठक आणि टेबलाचा वरचा भाग यांच्यात ११ ते १२ इंच अंतर असेल तर नीट जेवता येतं, म्हणजे बैठक १८ इंचांच्या आसपास हवी. जमिनीपासून त्या आडव्या पट्टीपर्यंत २५ इंच, म्हणजे मांड्यांना सात इंच मोकळे. टेबलाच्या लांब बाजूला दोन पायांमध्ये ५२ इंच, तिथे दोन खुर्च्या शेजारी शेजारी बसवायच्या तर एकीची रुंदी २० इंचांच्या वर नको. शिंप्याच्या कापडी टेपवर या आकड्यांपाशी लाल शाईने खुणा केल्या. दुकानात टेप नुसती लावायची, आकडे आठवत बसायचं नाही.

जुन्या खुर्च्यांच्या बाबतीत बैठकीची उंची हा फसवा प्रकार आहे. ओल लागून पायांची टोकं कुजलेली असतात, मग कुणीतरी चारही पाय सारखे कापून टाकतं. खुर्ची डुगडुगत नाही, पण १८ इंचांची १६ झालेली असते. पायाचं कोरीव वळण जमिनीला टेकण्याआधीच तुटल्यासारखं संपत असेल तर ती कापलेली आहे असं समजावं.

सासूबाईंचं माप मात्र टेपवर नव्हतं. त्यांचे गुडघे दुखतात. त्या म्हणाल्या, "बसायला काय गं, कुणीही बसेल. उठता आलं पाहिजे." त्यामुळे आवडलेल्या प्रत्येक खुर्चीवर बसून, टेबलाला हात न लावता उठून बघायचं हा नियम झाला. बैठक मागच्या बाजूला जास्त उतरती असली की उठणं जड जातं.

जून-जुलैमध्ये मुंबईचा चोर बाजार केला. मटन स्ट्रीटवरची जुन्या सामानाची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. तिथे घड्याळं, नळ, मशिनचे भाग असलं बरंच काही मिळतं, पण खुर्च्यांसाठी इतर दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला जाणं चांगलं. भेंडी बाजाराचा पुनर्विकास चालू असल्याने जुन्या ओळखीच्या खुणा सापडत नाहीत, कुणाला तरी विचारत जायची तयारी ठेवा. भर पावसात गेलात तर गिऱ्हाईक कमी असतं आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

तिथे डोळे दिपतात ते 'बॉम्बे ब्लॅकवूड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिसवी खुर्च्यांनी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत साहेब आणि श्रीमंत शेटजी दोघांसाठीही असं फर्निचर बनत असे. पाठीवर वेली, पानं, पक्षी, एक इंच मोकळी जागा सोडलेली नाही. एकीची किंमत सांगितली अठ्ठावीस हजार. मी तीवर बसले आणि पाठीच्या मणक्यात एक पोपट रुतला. दिवाणखान्यात एकटी ठेवायला ती खुर्ची सुंदर आहे, पण वरण-भात खाताना पाठ टेकायला नव्हे. गोव्याकडच्या उंच पाठीच्या, वेताच्या बैठकीच्या खुर्च्याही पाहिल्या. त्या बसायला छान होत्या, पण रुंद. टेपवरच्या लाल खुणेबाहेर गेल्या.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तोही एका रविवारी पाहून घेतला. आमच्या कामाचं काही नव्हतं.

दुकानात खुर्ची पुढून दाखवतात. ती उलटी करून बघायची. सुरुवातीला मला संकोच वाटायचा, मग लक्षात आलं की ज्याला खरोखर काही विकायचंय तो स्वतःच खुर्ची उलटी करून देतो. खालच्या बाजूला पूर्वीचे कारागीर पॉलिश वाया घालवत नसत, त्यामुळे जुन्या खुर्चीचं पोट कोरडं, करडं-तपकिरी आणि थोडं खरखरीत असतं. खालीवर, आतबाहेर सगळीकडे सारखाच गडद रंग फासलेला असेल तर तो रंग जुनेपणा आणण्यासाठी लावलेला असण्याची शक्यता दाट. झीजही बघावी. पुढच्या दोन पायांना जोडणारा जो आडवा दांडा असतो तो वर्षानुवर्षं पाय ठेवून वरच्या अंगाने झिजतो, खालून झिजत नाही. सगळीकडून गोल गोल घासलेला दांडा म्हणजे पॉलिश पेपरची करामत.

स्क्रू बघावेत. चौफुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकानंतर वापरात आले, त्याआधीच्या खुर्चीला सरळ एका खाचेचे हवेत. अर्थात नंतर कुणी दुरुस्त करताना बदलले असतील, म्हणून एकट्या स्क्रूवर निकाल द्यायचा नाही. नवऱ्याच्या वर्कशॉपमधलं व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे जाडी अचूक मोजायचं साधन, मी पर्समध्ये टाकलं होतं. लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही, त्यामुळे खरादावर गोल कातलेला पाय काळाने किंचित लांबट गोल होतो. पायाला कॅलिपर एकदा लावायचं, मग पाव वळसा फिरवून पुन्हा लावायचं. सागवान फार आकसत नाही, म्हणून फरक केसाएवढाच दिसतो, पण दिसतो. हे करताना दोन दुकानदारांनी मला सरकारी माणूस समजून चहा पाजला.

चोर बाजारात आणि पुढे ओशिवऱ्यातही एक खुर्ची पुन्हा पुन्हा समोर आली: इंग्रजी व्ही उलटा ठेवल्यासारखे पाय, सागवानी चौकट, वेताची पाठ. 'चंदीगड चेअर'. १९५० च्या दशकात चंदीगड उभं राहत असताना तिथल्या कचेऱ्यांसाठी, शहराचा आराखडा करणारे वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली हे फर्निचर बनलं. पुढे सरकारी भंगारात निघालं आणि परदेशातल्या लिलावांत मोठ्या किमतीला गेलं. त्यामुळे आता नकला भरपूर आहेत. खऱ्या खुर्च्यांवर कचेरीचे नंबर रंगवलेले असत म्हणून नकलांवरही नंबर रंगवतात. नक्कल म्हणून, नकलेच्या किमतीत घेतलीत तर ती खुर्ची वाईट नाही. बसायला मला ती आवडली. पण हात आहेत.

आता बिलाची गोष्ट. एका दुकानात दोन सागवानी खुर्च्या मनात भरल्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सौ साल पुराना पीस है, पारसी बंगले का." भाव त्या शंभर वर्षांच्या हिशेबाने. मी म्हटलं, ठीक आहे, घेते, बिलावर तेवढं लिहून द्या, शंभर वर्षांहून जुनी म्हणून. त्याने पेन खाली ठेवलं. "बिल पे तो ओल्ड चेअर ही लिखेगा."

घरी येऊन वाचल्यावर त्याची अडचण कळली. १९७२ चा पुरावस्तू आणि बहुमूल्य कलाकृती कायदा आहे, तो ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्यात कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तू शंभर वर्षांची झाली की पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे तोंडाने शंभर वर्षं सांगणं फुकट आहे, लिहून देणं फुकट नाही. तेव्हापासून मी हे वाक्य सगळीकडे वापरलं. 'लिहून द्या' म्हटल्यावर वय झपाट्याने कमी होतं आणि त्याबरोबर भावही. अँटिक (शंभरी ओलांडलेलं) आणि व्हिंटेज (जुनं, पण तेवढं नाही) हा फरक बाजारात कसाही वापरतात. माझ्यापुरतं मी ठरवलं, वयाचे पैसे द्यायचे नाहीत. लाकडाचे, जोडांचे आणि बसण्याचे द्यायचे.

ऑगस्टअखेर, गणपतीच्या गडबडीत, एका ओळखीच्यांचा फोन आला की एका बंद पडलेल्या इराणी हॉटेलचं सामान एका जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याने उचललंय. इराण्याच्या खुर्च्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात: काळपट, हलक्या, वाकवलेल्या लाकडाच्या, वेताच्या किंवा प्लायच्या गोल बैठकीच्या. याच घराण्याची मूळ खुर्ची मायकेल थोनेट यांच्या कंपनीने व्हिएन्नात १८५९ मध्ये बाजारात आणली, क्रमांक १४. बीच नावाच्या युरोपातल्या झाडाचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं. सुटे भाग सहा, त्यांना दहा स्क्रू आणि दोन नट. ३६ खुर्च्यांचे भाग एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणून जहाजाने जगभर पाठवणं परवडे. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि इतर कारखान्यांनीही त्या काढायला सुरुवात केली. त्यामुळे इराण्याची प्रत्येक खुर्ची थोनेटची नसते आणि तशी असायची गरजही नाही.

व्यापाऱ्याचं गोदाम कुर्ल्याच्या एका गल्लीत होतं. माळ्यापर्यंत खुर्च्या रचलेल्या, प्रत्येकीचा वेत फाटलेला. नवऱ्याने मोबाईलचा टॉर्च धरला आणि मी बैठकीच्या चौकटीच्या आतल्या अंगाला ओल्या फडक्याने पुसत गेले. तेलकट काजळीचा थर निघाला आणि खाली लाकडात डागलेली अक्षरं दिसली. पहिला शब्द वाचता येत नव्हता, खाली 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' स्पष्ट होतं. हा देश १९१८ मध्ये जन्मला आणि १९९२ अखेर संपला, त्यामुळे खुर्ची १९१८ च्या आधीची नाही एवढं पक्कं. कागदी लेबलं बहुधा गळून पडलेली असतात, डागलेलं नाव टिकतं. म्हणून ओलं फडकं न्याच.

वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीत बघायचं काय तर वाक. मागचे दोन पाय आणि पाठीची कमान हा एकच सलग दांडा असतो. कमानीच्या माथ्यावर किंवा बैठकीपाशी लाकडाचे तंतू उचकटलेले असतील, बारीक तडा असेल, तर ती खुर्ची सोडून द्या, ती दुरुस्त होत नाही. बैठकीखाली पायांना धरून ठेवणारं जे कडं असतं त्याचा सांधा सुटलेला चालेल, तो चिकटवता येतो. आणि खिळे. हॉटेलात कुणीतरी घाईत ठोकलेले खिळे. खिळ्याने लाकूड चिरतं. जिथे स्क्रू होता तिथेच स्क्रू असेल तर उत्तम. वेत फाटलेला असल्याचं दुःख नको, उलट भाव पाडायला उपयोगी. तो सहा हजार पाचशे म्हणत होता, एकसारख्या चार मिळाल्या तीन हजार आठशेप्रमाणे. बैठकीची उंची बरोबर १८ इंच.

सहाचा एकसारखा सेट मागितला की भाव वाढतो, कारण जुन्या बाजारात सहा एकत्र टिकलेल्या असणं दुर्मीळ. चार आणि दोनची जोडी केली तर स्वस्त पडते. टेबलाच्या दोन टोकांना वेगळ्या खुर्च्या असल्या तर खटकत नाही, फक्त बैठकीची उंची एकच हवी. दोन टोकांसाठी आम्ही ओशिवरा बाजार गाठला. राम मंदिर स्टेशनला उतरून रिक्षा केली की एस. व्ही. रोडवर जोगेश्वरीच्या बाजूला दुकानांची रांग लागते. गुजरातेतल्या हवेल्यांचे खांब, अलंगला तोडलेल्या जहाजांची कपाटं, आणि त्याच आवारात मागे नवं फर्निचर 'जुनं' होताना दिसतं. दुकानाच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारा, फार शिकायला मिळतं. तिथे १९४० च्या सुमाराच्या वाटणाऱ्या दोन सागवानी खुर्च्या मिळाल्या: उतरत्या पायऱ्यांसारखी पाठ, आर्ट डेको या भौमितिक शैलीच्या वळणाची, जाड वेताची बैठक. साडेपाच हजाराला एक. बिलावर मी स्वतः सांगून लिहून घेतलं: 'वापरलेल्या लाकडी खुर्च्या, सागवान, नग २', तारीख, किंमत, सही. असं साधं बिल पुढे दोन ठिकाणी लागलं.

पहिलं ठिकाण आमचीच सोसायटी. आधी माहीत करून घ्या, नाहीतर टेम्पो दारात उभा राहतो आणि वेटिंग चार्ज चढत जातो. सामान आत आणायचा पास आदल्या दिवशी कार्यालयातून घ्यायचा, त्यासाठी बिलाची प्रत आणि टेम्पोचा नंबर. सामानाची लिफ्ट दहा ते पाच, रविवारी बंद. लिफ्टसाठी पाच हजारांची अनामत, परत मिळते, पण चेकनेच. आणि 'जुनं फर्निचर' वाचल्यावर सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "वहिनी, वाळवी नाही ना आणत?" पेस्ट कंट्रोलची पावती आणा म्हणाले. मला राग आला होता, पण आता वाटतं माणूस बरोबर बोलत होता. दोन्ही ठिकाणचं सामान एकाच छोट्या हत्तीत फिरवून आणलं, अठ्ठावीसशे रुपये.

वाळवी नव्हती, भुंगेरे होते. एका इराणी खुर्चीच्या कड्याला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. भोकं दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही, ती पन्नास वर्षांपूर्वीचीही असतील. खुर्चीखाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवायची. कागदावर पिठासारखा फिकट भुसा पडला तर आत वस्ती आहे. आमच्या कागदावर पडला. पेस्ट कंट्रोलवाल्याने इंजेक्शनच्या सुईने प्रत्येक भोकात औषध भरलं, सहाही खुर्च्यांना खालून हात मारला आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवायला सांगितलं. अठराशे रुपये आणि ती पावती. गुंडाळलेल्या खुर्च्या महिनाभर गच्चीतल्या कोपऱ्यात होत्या. पुन्हा काळा कागद, या वेळी स्वच्छ. हे वेत विणण्याआधीच करायचं, कारण नंतर बैठकीच्या भोकांपर्यंत सुई जात नाही.

मग सुतार. जुने जोड सरसाने चिकटवलेले असतात, सरस गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो. सुताराने सागवानी खुर्च्यांचे हललेले जोड पूर्ण सोडवले, जुना सरस खरवडला, नवा लावून शिकंज्यात आवळून रात्रभर ठेवलं. त्याची पहिली सूचना होती की कोपऱ्यांत लोखंडी अँगल ठोकू, काम तासाभरात होईल. नको म्हणा. अँगल लाकडाला हलू देत नाही आणि शेजारचं लाकूड फाटतं. सगळं मिळून बेचाळीसशे.

दसऱ्यानंतर विणकाम. वेत विणणारे आता थोडे उरलेत. विणकरकाका मला पॉलिशवाल्याकडून मिळाले, आणि तोच रस्ता सर्वांत खात्रीचा. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्याचं काम पूर्वी दृष्टिहीन कारागिरांकडे असायचं. काकांनीही अशाच एका गुरूकडे बोटांनी मोजायला शिकलं. ते घरी येऊन बाल्कनीत विणतात. वेताची पट्टी आधी पाण्यात भिजत घालायची. पहिला थर उभा, त्यावर आडवा, मग पुन्हा उभा, मग आडवा, पण हा चौथा थर वर-खाली गुंफत. मग दोन तिरके, आणि त्या तिरक्यांनी अष्टकोनी भोकं उमटतात. शेवटी कडेला जाड पट्टी बांधतात. विणताना वेत सैल वाटतो, वाळला की टणक ताणला जातो. बोटाने टिचकी मारली की डफलीसारखा आवाज आला तर विणकाम झकास.

भाव ठरवताना विचारा, खरा वेत की प्लॅस्टिक. प्लॅस्टिक स्वस्त आणि पाण्याला घाबरत नाही, पण वर्षानुवर्षं तसंच पिवळट राहतं. खऱ्या वेताची एक बाजू चकचकीत आणि दुसरी फिकी, तंतुमय असते, आणि तो वयाबरोबर मधासारखा रंग धरतो. खुर्चीमागे सोळाशे, एका खुर्चीला साधारण दीड दिवस. काकांची तब्येत मध्येच बिघडल्याने दिवाळीनंतर काही आठवडे काम थांबलं. त्या काळात तीन विणलेल्या, तीन रिकाम्या चौकटींच्या अशा खुर्च्या घेऊन आम्ही पाहुण्यांना बसवत होतो.

पॉलिश शेवटी. पॉलिशवाल्याने पावसाळ्यात हात लावायला नकारच दिला होता. चपडी, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे, आणि हवेत दमटपणा असला की पॉलिशवर पांढुरकी छाया येते. त्यामुळे डिसेंबर. आधीचं पॉलिश खरवडून काढायचं की नाही हे ठरवायला एका झाकलेल्या जागी स्पिरिटचा बोळा घासून बघा. चिकट होऊन रंग बोळ्यावर आला तर चपडीचंच आहे, त्यावरच नवे थर बसतात, खरवडायची गरज नाही. इराणी खुर्च्यांचा काळपटपणा मी राहू दिला. सागवानी दोन उजळल्या. खुर्चीमागे बाराशे.

दुसरं ठिकाण जिथे बिल लागलं ते म्हणजे नणंदेचा हट्ट. ती लंडनला असते. व्हिडिओ कॉलवर इराणी खुर्च्या बघून म्हणाली, "वहिनी, मलाही दोन पाठव ना." शंभर वर्षांची पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं, आणि त्यासाठी वस्तू दाखवावी लागते. मुंबई मंडळाचं कार्यालय सायनच्या किल्ल्याला आहे. चौकशीला जाताना पुढून, मागून, खालून आणि त्या डागलेल्या अक्षरांचे फोटो, आणि बिल नेलं. आमची खुर्ची नेमकी कुंपणावरची: १९१८ नंतरची हे सिद्ध, पण शंभरी भरली की नाही हे सांगणारा कागद नाही. शिसवी असती तर आणखी एक कटकट होती, शिसवीच्या वर्गातलं लाकूड २०१७ पासून साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. त्यातच माल पाठवणाऱ्या एजंटने लाकडाच्या धुरीसकट जो आकडा सांगितला, तो दोन खुर्च्यांच्या किमतीच्या कित्येक पट निघाला. नणंदेने तिकडच्याच जुन्या बाजारात बघायचं ठरवलं. तिथे तिला तशाच चार मिळाल्या, आणि एवढा प्रवास टळला म्हणून आमचे दोघींचे पैसे वाचले.

आमचा हिशेब: खुर्च्या २६,२०० रुपये, टेम्पो २,८००, औषध १,८००, सुतार ४,२००, विणकाम ९,६००, पॉलिश ७,२००. एकूण ५१,८००, म्हणजे खुर्चीमागे साधारण ८,६५०. नव्या सागवानी खुर्चीपेक्षा स्वस्त, पण घाई असलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये. खरेदीचे पैसे एकूण खर्चाच्या निम्मेच असतात हे आधी धरून चाला.

वापराबद्दल थोडं. वेतावर उभं राहू नये आणि गुडघा टेकू नये, ट्यूबलाइट बदलायला स्टूल घ्यावं. काही महिन्यांनी बैठक थोडी बसली तर खालच्या बाजूने कोमट पाण्याचं फडकं फिरवून सावलीत वाळू द्यावी, पुन्हा ताणली जाते. चपडीच्या पॉलिशला गरम पातेलं आणि सॅनिटायझर दोन्ही वर्ज्य, सॅनिटायझरमधलं अल्कोहोल पॉलिश विरघळवतं. इराणी खुर्च्यांचे स्क्रू वर्षातून एकदा आवळायचे, हलक्या हाताने. आणि वेताचं काम करून घ्यायचं असेल तर होळीच्या आधी द्या, नंतर काका गावी जातात ते थेट जूनमध्ये उगवतात.